पाइपातली हवा

जावळीतल्या आमच्या वाडीवर पाच घरांनी मिळून वरच्या झऱ्यावरून एक इंची काळा पाइप ओढलाय. मोटर नाही, उतारावर पाणी आपसूक येतं. यंदा होळीनंतर टाकी भरेना. वर झऱ्याचं पाणी साठवणारी कुंडी तुडुंब, खाली नळ नुसता फुसफुसतोय!

सगळे म्हणाले, पाला अडकला. दोन दिवस जाळी धुतली, पाइप झटकला. उपयोग शून्य. शेवटी ओढ्याअलीकडे पाइप खडकावर चढून पुन्हा उतरतो, तिथं तापलेल्या दाभणानं बारीक भोक पाडलं. शिट्टीच वाजली! मिनिटभर नुसती हवा, मग पाणी उडालं आणि खालून चुलती ओरडली, "आलं रं आलं!"

उन्हाळ्यात झरा बारीक झाला की कुंडीतली पातळी उतरते, पाइपाचं तोंड उघडं पडून हवा ओढतं, ती उंचवट्यावर अडून बसते. मग पाणी पुढं सरकत नाही आणि कुंडी पुन्हा तुडुंब होते. तिथं आता टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून अर्धा इंची कॉक लावलाय. कुंडीतलं तोंडही वीतभर पाण्याखाली घेतलं. मात्र उंचवटा कुंडीच्या पातळीपेक्षा बराच खाली हवा, नाहीतर कॉक उघडल्यावर उलटी हवाच आत जाते.

कॉक सोडायची पाळी पाच घरांत वाटून दिलीय. जातो मात्र मीच.