इजिप्तची प्राचीन स्मारके पाहताना या चुका टाळा

हिवाळ्यात लक्सरला नाईल नदीच्या पश्चिम तीरावर गेले की कुठे ना कुठे मराठी कानावर पडतेच, आणि त्यापाठोपाठ "एवढेच आहे का?" हा प्रश्नही. विचारणाऱ्यांचे वाचन कमी असते असे नाही. दोष असतो तो घाईचा. कैरो, अस्वान, लक्सर आणि वर लाल समुद्र असा बेत एका आठवड्यात कोंबला, की एकेका स्थळाच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो. त्या तासात नेमके काय पाहायचे हे आधी ठरवलेले नसेल, तर रांग आणि ऊन एवढेच पदरी पडते.

सर्वांत खर्चिक चूक राजांच्या दरीत, म्हणजे लक्सरजवळच्या राजांच्या दफनभूमीत, होते. तेथील साध्या तिकिटावर, त्या दिवशी उघड्या असलेल्या थडग्यांपैकी तीन पाहता येतात. तूतनखामेन, पहिला सेती आणि पाचवा-सहावा रामसेस (या दोघांचे थडगे एकच) यांच्या थडग्यांना वेगळे तिकीट लागते. नवखा पर्यटक आधी तूतनखामेनचे तिकीट काढतो आणि साध्या तिकिटावरची तीन थडगी प्रवेशद्वाराजवळचीच, म्हणजे नेमकी सर्वाधिक गर्दीची, उरकून टाकतो. हॉवर्ड कार्टरला १९२२ मध्ये सापडलेले तूतनखामेनचे थडगे मुळातच लहान आहे. त्यातील एकच खोली रंगवलेली आहे, सोन्याचा मुखवटा आणि बाकीचा खजिना संग्रहालयात आहे, आणि जागेवर राहिली आहे ती राजाची ममी व दगडी शवपेटी. नाव मोठे लक्षण खोटे असे मी म्हणणार नाही, कारण ज्याला त्या राजाबद्दल ओढ आहे त्याने तेथे जरूर जावे. पण केवळ नाव ऐकलेले आहे म्हणून जाणाऱ्याने तेच पैसे पाचव्या-सहाव्या रामसेसच्या थडग्यासाठी द्यावेत. तेथील शवपेटीच्या दालनाच्या छतावर आकाशदेवी नूत दोनदा, पाठीला पाठ लावून, लांबच लांब पसरलेली आहे. संध्याकाळी सूर्य गिळणारी आणि सकाळी त्याला जन्म देणारी ही देवी मान वर करून निवांत पाहायला हवी.

माझी स्वतःची पद्धत सोपी आहे. आज कोणती थडगी उघडी आहेत हे प्रवेशद्वारावरच विचारून घ्यायचे आणि सर्वांत दूरच्या थडग्यापासून सुरुवात करून दाराकडे परत यायचे, म्हणजे गर्दी उलट दिशेने येत राहते. तिसऱ्या थुतमोसचे थडगे उघडे असेल तर ते मी कधीही सोडत नाही. कड्याच्या कपारीत लोखंडी जिन्याने वर चढून पुन्हा तितकेच खाली उतरावे लागते, त्यामुळे बहुतेक गट त्याच्या वाटेला जात नाहीत. खाली लंबगोल दालन आहे आणि फिकट पिवळसर भिंतींवर काळ्या-लाल रेघांनी काढलेल्या काटकुळ्या आकृत्या आहेत. जणू पपायरसची, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाची, गुंडाळी भिंतीभर उलगडून चिकटवली आहे. एका खांबावर एका झाडाला हात आणि स्तन फुटले आहेत, आणि ते झाड राजाला दूध पाजते आहे. हे चित्र अगदी साध्या रेषांचे असल्याने घाईत असलेल्या माणसाला ते दिसतच नाही.

दुसरी चूक तिकीट खिडकीची, आणि तिचा मला खरोखर वीट आला आहे. राजांच्या दरीत आणि हत्शेपसुत राणीच्या मंदिरात तिकीट जागेवरच मिळते, म्हणून सगळीकडे तसेच असेल असे लोक गृहीत धरतात. मेदिनेत हाबू व रामेसियम ही मंदिरे, देर-अल-मदिना ही कारागिरांची वस्ती आणि सरदारांची थडगी यांची तिकिटे मात्र मेमनॉनच्या दोन महाकाय पुतळ्यांच्या पुढे असलेल्या कार्यालयात आधीच काढून ठेवावी लागतात. एकदा मी ज्या गटाबरोबर होतो त्याच्या सहल-व्यवस्थापकाने "दारावर मिळेल" असे सांगून आम्हाला थेट देर-अल-मदिनाला नेले. पहारेकऱ्याने नम्रपणे नकार दिला. तेव्हा गटातील एक काका पुढे झाले, "अहो, पैसे दिले की सगळीकडे काम होतं," असे म्हणत त्यांनी घडी घातलेली नोट सरकवली. पहारेकऱ्याने ती खिशात घातली, काकांना आणि आणखी काही जणांना कुंपणाच्या कडेकडेने फिरवून आणले आणि पुन्हा दारापाशी आणून सोडत हसून "शुक्रन" (धन्यवाद) म्हटले. गाडीचा चालक तोवर चहाला निघून गेला होता. तिकिटे येईपर्यंत भर दुपार झाली, आणि निम्म्या मंडळींनी आत जायलाच नकार दिला.

त्यांचे काय हुकले तर सेन्नेजेमचे थडगे. राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांच्या वस्तीतील हा माणूस. त्याची कमानदार छताची खोली चार पावलांत संपते, पण १८८६ मध्ये सापडलेल्या या खोलीचे रंग आजही कालच भरल्यासारखे वाटतात. परलोकातील शेतात सेन्नेजेम नांगर धरून चालला आहे आणि मागून त्याची बायको बी टाकते आहे. अंगावर दोघांच्याही पांढरीशुभ्र, सणाला घालावीत अशी वस्त्रे. बक्षिसी देण्यास माझा विरोध नाही, कारण तेथील पगार तुटपुंजे आहेत. मात्र ती झालेल्या कामाची असावी, नियमातून सूट मिळवण्याची नसावी. अनेक प्रमुख ठिकाणी खिडकीवर रोख रक्कम चालत नाही, कार्ड लागते, हेही नोटांच्या भरवशावर निघालेल्यांनी लक्षात ठेवावे.

मंदिरे भर दुपारी पाहू नयेत. बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे दगडात खोल कोरलेली असतात आणि उन्ह तिरपे असतानाच त्यांच्या कडांना सावली धरते. माथ्यावरच्या उन्हात तीच भिंत सपाट दिसते. म्हणून लक्सरच्या कर्नाक मंदिरात दार उघडताच पोहोचावे. एकशे चौतीस खांबांच्या सभामंडपात तेवढ्यापुरती शांतता असते.

गिझाच्या सर्वांत मोठ्या पिरॅमिडच्या आत चित्रे नाहीत, लेख नाहीत. वाकून चढायची वाट आणि वर ग्रॅनाइटची उघडीबोडकी खोली आहे. गुडघे कुरकुरत असतील तर वेगळ्या तिकिटाचे पैसे वाचवावेत. लेख पाहायचे असतील तर कैरोजवळच्या सक्कारा येथे उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये उतरावे, तेथे निळ्या रंगात भरलेल्या चित्रलिपीचे स्तंभच्या स्तंभ आणि छतावर चांदण्या आहेत.

अबू सिंबेलच्या, कड्यात कोरलेल्या दोन मंदिरांकडे अस्वानहून पहाटे निघणाऱ्या सगळ्या गाड्या एकाच वेळी पोहोचतात आणि सगळे मोठ्या मंदिराकडे धावतात. मी आधी शेजारच्या, दुसऱ्या रामसेसची राणी नेफरतारी हिच्या मंदिरात जातो. राणीच्या मूर्ती राजाच्या मूर्तींइतक्याच उंच कोरल्या आहेत, ही दुर्मीळ गोष्ट तेथे धक्के न खाता पाहता येते.

फ्लॅश वापरू नये आणि भिंतीला हात लावू नये. अजिंठा पाहिलेल्या माणसाला हे पुन्हा सांगावे लागते याचे आश्चर्य वाटते.

राजांच्या ममी पाहण्यासाठी कैरोच्या तहरीर चौकातील जुन्या संग्रहालयात जाऊ नये. २२ राजा-राण्यांच्या ममी एप्रिल २०२१ मध्ये कैरोतीलच फुस्तात येथील राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात हलवल्या आहेत, आणि तूतनखामेनचा खजिना आता गिझाजवळच्या नव्या भव्य संग्रहालयात आहे. तिन्ही संग्रहालये एका दिवसात करण्याचा बेत सरळ रद्द करावा.

अस्वानजवळच्या बेटावरील फिले मंदिराच्या तिकिटात नावेचे भाडे धरलेले नसते. भाडे पूर्ण नावेचे, जाऊन-येऊन आणि बेटावर थांबण्याच्या वेळेसकट चढण्यापूर्वी ठरवावे, आणि पैसे परत धक्क्यावर उतरल्यावरच द्यावेत.