पीएचपी साइटला लॉगिन जोडताय? आधी हे बघा

पासवर्ड हॅश करूनच, म्हणजे उलटा फिरवता न येणाऱ्या रूपात, ठेवायचा, हे सांगावं लागत असेल तर बाकीचं वाचू नका. पासवर्ड-हॅश आणि पासवर्ड-व्हेरिफाय ही फंक्शनं पीएचपी ५.५ पासून आयती मिळतात, उगाच एमडी५सारखी जुनी, कमकुवत हॅश-पद्धत घेऊन बसू नका. डेटाबेसात हॅशचा कॉलम २५५ अक्षरांचा ठेवा. बीक्रिप्ट या पद्धतीचा हॅश ६० अक्षरांत मावतो, पण उद्या पद्धत बदलली की तोच कॉलम तोकडा पडतो. एचटीटीपीएस आहे असं धरून चालतो.

आता मुद्द्याचं. लॉगिन झालं की सेशन आयडी, म्हणजे सर्व्हर ज्यावरून पाहुण्याला ओळखतो ती कुकीतली खूण, बदला. गेल्या खेपेला माझ्याकडून नेमकं हेच राहिलं होतं, म्हणून पुन्हा सांगतो: पासवर्ड जुळला की आधी सेशन-रीजनरेट-आयडी, मगच सेशनमध्ये यूझर भरायचा. क्रम उलटा नको. सेशन सुरू केलं की लॉगिनआधीच पाहुण्याला आयडी मिळून जातो. तो आयडी कुणी आधीच समोरच्याच्या ब्राउझरमध्ये चिकटवून ठेवला असेल, तर तुमचा ग्राहक बिचारा खरा पासवर्ड टाकतो आणि दुसराच कुणीतरी त्याच आयडीवर आत शिरतो, पासवर्ड न चोरता! यूज-स्ट्रिक्ट-मोड (सर्व्हरने न दिलेला आयडी नाकारणारं सेटिंग) मुळात बंद असतो, तो चालू करा. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. चोर तुमच्याच सर्व्हरकडून खरा आयडी घेऊन तो चिकटवू शकतो. तेव्हा आयडी बदलणं चुकत नाही.

बदलला की नाही ते डोळ्यांनी बघा. ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये कुकीज उघडा, ‘पीएचपीसेसआयडी’ या सेशनच्या कुकीची पहिली चार-पाच अक्षरं लॉगिनआधी कागदावर लिहा, नंतर ताडून पाहा. तीच दिसली तर डिप्लॉय करू नका, क्लायंट कितीही घाई करू दे. डेमोत हे कधीच पकडलं जात नाही, कारण लॉगिन तर झकास चालत असतं. कुणाला ॲडमिनचे हक्क दिले तरी आयडी बदला.

कुकीला एचटीटीपी-ओन्ली (जावास्क्रिप्टला वाचता येत नाही), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवरून जाते), सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बहुतेक विनंत्यांसोबत जात नाही) लावा. सेशनची मुदत मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असते. लांबलचक फॉर्म असतील तर वाढवा, नाहीतर शिव्या खाल. लॉगआउटला सर्व्हरवरचं सेशनही मोडा, नुसती कुकी पुसून भागत नाही. चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा. ईमेल चुको की पासवर्ड, मेसेज एकच. रीसेटची लिंक एकदाच चालावी. ‘मला लक्षात ठेवा’ हवंच असेल तर त्याचं टोकन (ओळखीची गुप्त खूण) वेगळं, डेटाबेसात हॅश करून. आणि त्या वाटेने कुणी आत आलं तरीही आयडी बदला.