नाताळच्या कार्डातून गिफ्ट कार्ड निसटायचं, त्यावरचा माझा उपाय

वेंगुर्ल्यात आमच्या शेजारच्या मावशी दर नाताळला नेवऱ्यांचा डबा पाठवतात. यंदा त्यांच्या मुलीला पुस्तकांच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड द्यायचं ठरवलं, तेही हाताने केलेल्या शुभेच्छापत्रातून.

ए-फोर जाड कागद अर्धा कापून दुमडला आणि आत खिसा चिकटवला. पण समुद्राकाठच्या दमट हवेत पांढरा गोंद रात्रभर वाळेना, कागद पापडासारखा फुगला. शिवाय खिशाचं तोंड खाली, त्यामुळे कार्ड उघडलं की गिफ्ट कार्ड थेट जमिनीवर!

दुसऱ्या खेपेला गोंद बंद, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली. गिफ्ट कार्ड साधारण ८.५६ बाय ५.४ सेंमी असतं. म्हणून जुन्या लग्नपत्रिकेचा १० बाय ८ सेंमी तुकडा कापला (गणपतीचं चित्र आधी बाजूला काढून ठेवलं, त्याच्यावर कात्री कशी चालवणार?). तीन कडा सेंटीमीटरभर आत दुमडून टेप लावली. उघडी बाजू मधल्या घडीकडे ठेवली, खरी मेख तीच. तिथे रुपयाचं नाणं ठेवून अर्धगोल कापला, म्हणजे अंगठ्याने कार्ड ओढता येतं.

उलटं धरून झटकलं, पडलं नाही.