मोंढ्याचे भाव सांगणारा छोटा सर्व्हर कसा उभा करावा

लातूरच्या मोंढ्यात सौदे झाले की सोयाबीनचे भाव व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. त्यात कालचा भाव आजचा म्हणून खपतो, उदगीरचा लातूरचा म्हणून. बाजार, माल, तारीख आणि भाव नीट सांगणारा सर्व्हर साध्या लॅपटॉपवरही उभा राहतो. थोडी जावास्क्रिप्ट येत असली की पुरे.

आधी नोड जेएसची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) एलटीएस आवृत्ती घ्या, तिला दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहतात. एक फोल्डर करा. त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा, मराठी नाव दिलं तर पुढची आज्ञाच अडते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या फोल्डरात जाऊन 'एनपीएम इनिट' (npm init) चालवा, मग 'एनपीएम इन्स्टॉल एक्सप्रेस' (npm install express). एनपीएम नोडसोबतच येतं आणि तयार कोड आणून देतं; एक्सप्रेस हा सर्व्हर लिहिणं सोपं करणारा असाच तयार कोड.

आता सर्व्हरची फाइल. एक्सप्रेसचं ॲप तयार करा, भावांसाठी एक गेट रूट (माहिती मागणाऱ्याला उत्तर देणारा पत्ता) लिहा, त्यातून जेसॉन (नाव-किंमत अशा जोड्यांत लिहिलेला मजकूर) पाठवा आणि ॲपला ३००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकायला लावा. फाइल नोडने चालवली की ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या (म्हणजे याच यंत्राच्या) त्या पोर्टवर, localhost:3000 असं टाकून, भाव दिसतील. पोर्ट आधीच वापरात आहे अशी तक्रार आली, तर बहुतेक वेळा मागचाच सर्व्हर दुसऱ्या खिडकीत चालू असतो. तिथे कंट्रोल-सी दाबा. मोबाईलवर पाहायचं असेल तर एकाच वायफायवर राहून लोकलहोस्टच्या जागी लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाका. मोबाईलवर लोकलहोस्ट म्हणजे तो मोबाईलच.

नवा भाव नोंदवायला पोस्ट रूट (माहिती स्वीकारणारा पत्ता) लागतो. आलेला जेसॉन वाचणारी 'एक्सप्रेस डॉट जेसॉन'ची (express.json) ओळ या रूटच्या वर हवी, नाहीतर आलेली माहिती रिकामीच दिसते. ॲड्रेस बारमधून फक्त गेट जातं, म्हणून तपासायला पोस्टमन हे अशा विनंत्या पाठवणारं ॲप वापरा.

इथे घाई करू नका. आकडा पाहूनच औशाचा एखादा शेतकरी टेम्पो ठरवतो. ४६०० च्या जागी ४६००० पडले तर त्याचं भाडं वाया जातं. म्हणून भाव हा आकडाच आहे ना, शून्याच्या वर आहे ना, किमान भाव कमाल भावापेक्षा जास्त तर नाही ना, हे सर्व्हरनेच तपासावं आणि चूक असेल तर ४०० हा कोड ('विनंती चुकीची' असं सांगणारा) देऊन परत पाठवावं. आदल्या दिवसाच्या भावापेक्षा फारच वेगळा आकडा आला तर तो थेट दाखवू नका, कुणीतरी पाहून मंजूर करू द्या. एकक क्विंटलच धरा. मोंढा बंद असेल त्या दिवशी 'आज सौदे नाहीत' एवढंच उत्तर जाऊ द्या. आणि नोंद कुणीही करू नये म्हणून एक गुप्त किल्ली मागा. ती कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडच्या बाहेर यंत्रावर ठेवलेल्या सेटिंगमध्ये, ठेवा.

नोंदी नुसत्या ॲरेमध्ये ठेवल्या तर सर्व्हर बंद पडला की सगळं पुसलं जातं. एसक्यूलाइट वापरा, सगळा डेटाबेस एका फाइलीत मावतो. क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) बाहेरून आलेली मूल्यं थेट जोडू नका, त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून ती वेगळी द्या. इंजेक्शनचा, म्हणजे कुणी त्यातून स्वतःची आज्ञा घुसवण्याचा, धोका टळतो.

लाईट गेली की राउटर बंद, म्हणून गावकऱ्यांसाठी सर्व्हर होस्टिंगवरच, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या कायम चालू यंत्रावर, न्या. तिथे पोर्ट बहुधा होस्टच ठरवून देतो, तेव्हा ३००० पक्कं न लिहिता तो एन्व्हायर्न्मेंटमधून घ्या. पैसे भरण्याआधी एक गोष्ट विचारा: सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर डिस्कवरच्या फाइली टिकतात का? टिकत नसतील तर एसक्यूलाइटची फाइलही जाईल, मग डेटाबेस वेगळा घ्यावा लागेल.