अमेरिकेतली जुनी घरगुती पत्रं वाचायची कशी (1800 ते 1900)

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या साध्या घरांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं आता ऑनलाइन फुकट बघायला मिळतात, लायब्ररी ऑफ काँग्रेस या तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडं आहेत, व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत तयार झालेल्या 'व्हॅली ऑफ द शॅडो' या वेबसाइटवर तर यादवी युद्धाच्या वेळची दोन जिल्ह्यांतली पत्रं आणि डायऱ्या आहेत, म्हणजे कोल्हापुरात घरी बसून मोबाईलवर उघडता येतात. पण पहिलं पत्र उघडलं की ते कर्सिव्ह, म्हणजे जोडून लिहिलेलं, अक्षर बघूनच बरेचजण बंद करतात. तसं करू नका, पद्धत धरली की जमतं.

सगळ्यात आधी मजकूर सोडा आणि तारीख आणि टपालखर्च बघा. माझं तर ठाम मत आहे की पत्राला किती पैसे पडले हे कळल्याशिवाय ते पत्र कळत नाही. 1845 च्या आधी दर ठरायचा अंतरावर आणि कागद किती त्यावर, एक कागद 400 मैलांच्या पुढं पाठवायचा तर 25 सेंट, दोन कागद असले की दुप्पट, आणि मजुराची दिवसाची कमाई तेव्हा डॉलरच्या आतबाहेर. त्यात पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्यानंच भरायचे! पाकीट म्हणजे अजून एक कागद धरायचे म्हणून पाकीटच नाही, तोच कागद घडी घालून लाखेनं चिकटवायचा आणि पाठीवर पत्ता. म्हणून मग अक्षर बारीक, समास भरलेले, आणि पान संपलं की कागद आडवा फिरवून आधीच्या ओळींवरच परत लिहिलेलं. असं जाळीसारखं पान आलं तर घाबरायचं नाही, स्कॅन झूम करा, आधी सरळ ओळी एका दमात वाचा, मग इमेज 90 अंशात फिरवा आणि दुसऱ्या ओळी वाचा, दोन्ही एकदम वाचायला गेलात की डोकं दुखणारच.

1845 ला दर वजनावर आला, 300 मैलांपर्यंत 5 सेंट आणि पुढं 10. 1847 ला देशाची पहिली तिकिटं आली, 1851 ला आधी पैसे भरले तर 3 सेंटात 3000 मैलांपर्यंत, आणि 1883 ला 2 सेंट. दर पडला तशी पत्रं वाढली आणि मोकळी झाली. आधीच्या पत्रात मरण, जन्म, जमीन, आजार एवढंच दाटून असतं, नंतरच्या पत्रात शेजारणीचं भांडण पण येतं, आणि मला तीच जास्त आवडतात.

आता अक्षर. आपल्याकडं जुन्या पत्रात 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' असायचं ना, तसं तिकडं पण ठरलेलं वाक्य असायचं, हातात लेखणी घेऊन कळवतो की मी बरा आहे आणि या चार ओळी मिळतील तेव्हा तुम्हीही बरे असाल अशी आशा. युद्धातल्या सैनिकांच्या पत्रात तर हे हमखास. हे वाक्य शोधा, त्यातलं प्रत्येक अक्षर हा माणूस कसा काढतो ते कागदावर उतरवून घ्या, झाला तुमचा तक्ता तयार. मोडी वाचणारे लोक हेच करतात, त्यामुळं ज्यांना मोडीची सवय आहे त्यांना हे लवकर येतं. एक लक्षात ठेवा, शब्दात दोन 'एस' लागोपाठ आले की त्यातला पहिला एस लांब, एफसारखा दिसतो, शतकाच्या मध्यापर्यंत हे सापडतं. आणि तारखेपुढं 'इन्स्ट' असेल तर चालू महिना, 'अल्ट' असेल तर मागचा.

नात्यांत लोक फसतात. 'मदर' म्हणजे सासू पण असू शकते, 'ब्रदर' म्हणजे मेहुणा, पॉली ही कागदोपत्री मेरी असते आणि सॅली म्हणजे सारा. मेलेल्या मुलाचंच नाव पुढच्या बाळाला ठेवायचे, त्यामुळं एका घरात एकाच नावाची दोन मुलं दिसली तर गोंधळू नका, आधी वंशावळीचा साधा तक्ता करा. आणि रक्ताचं नातं नसताना पण नातं लावायचे. डॉ. आनंदीबाई जोशींचंच बघा, गोपाळरावांचं पत्र रॉयल वाइल्डर यांच्या प्रिन्स्टनच्या मासिकात छापून आलं (हे वाइल्डर 1852 पासून कोल्हापुरात मिशनरी होते), ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंनी वाचलं, 1880 पासून पत्रं सुरू झाली आणि आनंदीबाई त्यांना 'आन्ट' म्हणून लिहायला लागल्या. 1886 ला आनंदीबाईंना नोकरी मिळाली ती आपल्याच कोल्हापुरातल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आत्ताच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात. ज्यांना सुरुवात कुठून करायची कळत नाही त्यांनी या पत्रांपासून करावी.

एवढ्या लांबच्या पत्रांत उत्तर यायला आठवडेच्या आठवडे जायचे, तोवर पुढचं पत्र निघालेलं असायचं, म्हणून पत्रं तारखेनं लावून शेजारी 'हे कुठल्या पत्राचं उत्तर' असा रकाना ठेवा, नाहीतर दोघं वेगळंच बोलतायत असं वाटतं.

कोणाची पत्रं नाहीत हे पण बघा. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामांना लिहायवाचायला शिकवणं कायद्यानं गुन्हा होता, त्यामुळं त्यांच्या घरची पत्रं फार कमी आहेत आणि जी आहेत त्यातली काही दुसऱ्याकडून लिहून घेतलेली. मालकाच्या घरच्या पत्रात त्यांचा एका ओळीत उल्लेख येतो, नुसतं पहिलं नाव आणि 'विकला' एवढंच. ती ओळ वाचून पुढं जाऊ नका, वेगळी लिहून ठेवा, त्या माणसाचा तेवढाच पुरावा शिल्लक असू शकतो.

उतरवून काढताना स्पेलिंग दुरुस्त करायचं नाही, जसं आहे तसंच, कारण चुकीच्या स्पेलिंगवरून तो माणूस बोलायचा कसा ते कळतं. अडलेला शब्द कंसात प्रश्नचिन्ह टाकून सोडा आणि पान पूर्ण झाल्यावर परत त्यावर या, निम्मे शब्द तेव्हा आपोआप लागतात.