काळ्या पाण्यावर गेलेल्या बाईचा वंश शोधताय? या चुका टाळा

पणजीची आई काळ्या पाण्यावर गेली होती, तिचा पुढे ठावठिकाणा लागतो का, असं विचारणारे बरेच जण आधी सेल्युलर जेलच्या संगमरवरी पाट्यांवर तिचं नाव शोधून आलेले असतात. तिथे ते सापडणार नाही. त्या पाट्या राजकीय कैद्यांच्या आहेत. जेलचं बांधकाम १८९६ ला सुरू होऊन १९०६ ला संपलं, आणि अंदमानात कैद्यांची वसाहत तर मार्च १८५८ मध्येच सुरू झाली होती. बायकांचा तुरुंग वेगळा होता, साउथ पॉइंटला. तिथे पोचलेल्या अनेकींवर खुनाचा आरोप शाबीत झालेला होता: कुणी नवऱ्याचा, कुणी पोटच्या अर्भकाचा. त्यांची नावं कुणी दगडात कोरली नाहीत. पण त्यांच्यातल्या कित्येकींची नातवंडं-पतवंडं आजही बेटांवर नांदत आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोचता येतं. शोध अडतो तो बहुतेक वेळा सुरुवातीच्या काही गैरसमजांमुळे.

साल न ठरवता शोधाला लागणं

‘काळं पाणी’ म्हणजे अंदमानच, असं धरून चालू नका. १८५८ च्या आधी मुंबई इलाख्यातले कैदी सिंगापूर, पिनांग, मलाक्का इथे जात. १८१५ ते १८३७ या काळात काही मॉरिशसलाही गेले. घरातली आठवण १८४० च्या आसपासची असेल तर पोर्ट ब्लेअरचं दप्तर कितीही चाळलं तरी हाती काही लागणार नाही.

उलट चूकही होते. निकालात ‘जन्मठेप काळं पाणी’ दिसलं की ती अंदमानात पोचलीच असं लोक समजतात. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ मध्ये बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, ती बदलून काळं पाणी झालं आणि शेवटी तीही कमी होऊन पाच वर्षांची शिक्षा उरली. खालच्या कोर्टाचा निकाल सापडल्यावर तिथेच थांबू नका. फाशीची शिक्षा कायम होण्यासाठी हायकोर्टात जात असे आणि दयेचा अर्ज सरकारच्या न्याय खात्याकडे. मुंबईच्या पुराभिलेखागारात न्याय खात्याचे खंड आहेत. एका बाईचा पत्ता तीन ठिकाणी विखुरलेला असतो, तो तिन्हीकडून गोळा करावा लागतो.

आडनावाने शोधणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुंबई इलाख्याच्या कोर्टात बाईची नोंद आडनावाने क्वचितच होई. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. समजा, घरात तिला सखूबाई पाटील म्हणून ओळखतात. कागदावर ती ‘सखू कोम राघू’ असणार. इंग्रजी कारकुनाने ते कानाला जसं आलं तसं उतरवलेलं, म्हणजे स, क, ह यांच्या पाच-सहा तऱ्हा. सूचीत ‘पाटील’ टाकून शोधलंत तर ती कधीच दिसणार नाही. नवऱ्याचं नाव, गाव, तालुका आणि कलम, या चार गोष्टी तिच्या आडनावापेक्षा जास्त उपयोगाच्या. भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली, त्यानंतरच्या कागदात कलमाचा आकडा मिळतो आणि त्यावरून खटल्याचा प्रकार कळतो.

बोटीतून उतरल्यावर ती मुख्यतः एक नंबर झाली. कैद्याच्या गळ्यातल्या लाकडी बिल्ल्यावर नंबर असे, आणि सगळा व्यवहार त्याच नंबरावर चाले. अंदमानातला कारकून बहुधा मराठी जाणणारा नव्हता. सखूची ‘सुक्को’ झाली, की पुढच्या कागदात ‘सुखिया’ होऊ शकते. म्हणून एकदा नंबर मिळाला की तोच घट्ट धरा. नाव जुळलं आणि नंबर जुळला नाही, तर ती दुसरीच बाई समजा. काशी, सखू, गंगा, यमुना या नावांच्या बायका डझनांनी होत्या. दोघींचं आयुष्य एकमेकींत मिसळलं की पुढची अख्खी वंशावळ चुकते, आणि एकदा इंटरनेटवर चढलेली चुकीची वंशावळ मागे घेणं जवळजवळ अशक्य असतं.

वृत्तांतातून किती मिळू शकतं, हे पाहायचं तर जोतीराव फुल्यांचं ४ डिसेंबर १८८४ चं निवेदन वाचा. काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा, रावसाहेब सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी कामाला. दिवस गेले, बाळ झालं, तिने त्याचा गळा कापून घरामागच्या विहिरीत टाकलं. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला आणि जन्मभर अंदमान. शहर, कोर्ट, मालकाचं नाव, गुन्ह्याची जागा, शिक्षा, एवढं सगळं एका परिच्छेदात. तिचं सासरचं नाव मात्र त्यात नाही. घरातल्या आठवणीही अशाच असतात, म्हणून त्यातला ‘बिनकामाचा’ तपशील फेकून देऊ नका. विहीर कुठली आणि मालक कोण, यावरूनच खटला ओळखता येतो.

मागे राहिलेल्या मुलांना विसरणं

अंदमानच्या ओढीने लोक गावाकडची शाखा सोडून देतात. शिक्षेच्या वेळी बाईला मुलं असतील तर ती सासरी, मामाकडे किंवा अनाथाश्रमात वाढली. पंढरपूरचं बालहत्या प्रतिबंधक गृह १८७५ पासूनचं. मिशनच्या अनाथाश्रमात गेलेलं मूल बाप्तिस्म्याच्या वहीत भेटू शकतं, तेही नव्या नावाने.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीवर भरवसा ठेवताना जपून. तिथे पुरुषांची साखळी चोख असते, पण कलंक लागलेली सून गाळली जाते आणि तिची मुलं दुसऱ्या बायकोच्या नावावर चढतात. एका पुरुषाच्या मुलांमध्ये वयाचं मोठं अंतर दिसलं, की मध्ये कोण होती हा प्रश्न विचारा. तहसीलमधलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, इथे कामी येतं. ते बऱ्याचदा मोडीत असतं. कुणबी नोंदींच्या निमित्ताने मोडी वाचणारे आता तालुक्याच्या गावीही मिळू लागले आहेत, त्यांची मदत घ्या.

अंदमानातलं लग्न न समजणं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नियमांप्रमाणे बाईने वसाहतीत पाच वर्षं काढली, की तिला लग्न करता येई किंवा परवानगीने घरकामाला राहता येई. त्याआधी मुक्काम बायकांच्या तुरुंगातच. पुरुषाला साधारण दहा वर्षांनी स्वतःच्या कमाईवर राहण्याची सवलत मिळे, आणि अशांनाच बायको करण्याची मुभा असे. हे ‘सेल्फ सपोर्टर’ पोर्ट ब्लेअरभोवतीच्या गावांत शेती, गुरं, दुकानदारी करत.

याचा शोधाला सरळ उपयोग आहे. बाई १८९५ ला उतरली असेल तर लग्न साधारण १९०० नंतर, मुलं त्याहून पुढे. १८९७ चा जन्म तिच्या नावावर दिसला, तर एकतर बाई दुसरी आहे, किंवा ते मूल वेगळ्या परिस्थितीत जन्माला आलं. मुदती दशकागणिक बदलत गेल्या, त्यामुळे हा हिशेब १८६० च्या दशकाला लावू नका.

नवरा मराठी असेल ही अपेक्षाही सोडा. हिंदूचं हिंदूशी, मुसलमानाचं मुसलमानाशी, एवढं सहसा पाहिलं जाई. प्रांताची अट नव्हती. साताऱ्याच्या बाईचा नवरा अवधचा, पंजाबचा किंवा तेलुगू मुलखातला असू शकतो. घरात हिंदुस्तानी बोलली गेली, मुलांची नावं त्याच वळणाची झाली. ‘आमच्या आजीचे वंशज मराठी बोलत असतील’ या आशेवर घरं निवडलीत तर खरं घर हातचं जाईल.

आणखी एक. लग्न झालेल्या बाईला पंधरा वर्षांनी, नवऱ्याची मुदतही पुरी झाल्यावर, त्याच्यासोबतच बेट सोडता येई; बिनलग्नाची वीस वर्षं राही. म्हणजे सुटून परत आलेली बाई बहुधा नवऱ्याच्या मुलखात गेली, आपल्या माहेरी नाही. मृत्यूची नोंद अंदमानात मिळाली नाही, की लोक साताऱ्यात शोधतात. आधी नवऱ्याचा जिल्हा पाहा.

पोर्ट ब्लेअरचं तिकीट आधी काढणं

मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ बेटं जपान्यांच्या ताब्यात होती आणि त्या काळात तिथलं बरंच दप्तर नष्ट झालं. पण वसाहतीचा पत्रव्यवहार कलकत्ता-दिल्लीला जातच होता. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याच्या पोर्ट ब्लेअर शाखेची कागदपत्रं आहेत आणि ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या सूची पाहता येते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वार्षिक अहवालांच्या प्रती आहेत. हे सगळं झाल्यावर बेटावर जा. शोधताना जुनी नावंच वापरा: पोर्ट ब्लेअर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं आणि रॉस बेटाचं नाव २०१८ मध्ये बदललं, जुन्या कागदात ही नावं कशी असणार?

डीएनए चाचणीबद्दल थोडंच. आईकडून येणारा वारसा लेकीकडून लेकीकडे शोधता येतो, म्हणून दोन्हीकडची अखंड मुलींची साखळी असेल तरच त्यावर खर्च करा. ‘अमुक टक्के पश्चिम भारत’ असल्या निकालावरून घर ठरवू नका.

बेटावरच्या लोकांना एकाच मापाने मोजणं

अंदमानातलं प्रत्येक जुनं घर कैद्यांचं नाही. मलबारचे मोपले मुसलमान १९२१ च्या उठावानंतर आले, करेन जमातीचे लोक १९२५ ला ब्रह्मदेशातून, भातू जमातीचे १९२६ ला संयुक्त प्रांतातून (आजचा उत्तर प्रदेश), आणि पूर्व बंगालचे निर्वासित १९४९ पासून. तुम्हाला हवेत ते ‘लोकल बॉर्न’. कैदी जोडप्यांची ही संतती आता पाचव्या-सहाव्या पिढीत आहे आणि पोर्ट ब्लेअरमध्ये त्यांची लोकल बॉर्न असोसिएशन आहे. अबर्डीन बाजारात नुसतं ‘इथे मराठी घर कुठलं?’ विचारण्यापेक्षा तिथे जाऊन नवऱ्याचं नाव आणि गाव सांगा.

बोलताना पहिल्याच भेटीत जात विचारू नका. या समाजात तीन-चार प्रांतांचं आणि कित्येक जातींचं रक्त एकत्र आलं आहे आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. निकालाची प्रत पिशवीतून काढण्याआधी विचारा, ‘तुमच्या पणजीवरचा आरोप काय होता हे तुम्हाला ठाऊक आहे का, आणि नसेल तर ऐकायचं आहे का?’ नको म्हणाले तर प्रत पिशवीतच राहू द्या. तिचं गाव, तिच्या आईबापांची नावं, मागे राहिलेल्या भावंडांची घरं, एवढं त्यांना द्या. गावचा नकाशा आणि घराचा एखादा फोटो नेलात तर त्यांना तो हवाच असतो.