१९४७चं ब्रिटन भिंतीवर मांडताना

१९४७ म्हटलं की सोलापुरातली आमची मुलं १५ ऑगस्ट सांगतात. पण त्या वर्षी राज्य सोडून जाणाऱ्यांच्या घरात काय चाललं होतं? ते कळावं म्हणून मी नववी-दहावीच्या वर्गाकडून ब्रिटनचा वर्षपट करून घेते.

तीन कार्डशीट आडव्या जोडा आणि बारा रकाने आखा. ओळी तीनच हव्यात: कोळसा, चूल, पार्लमेंट. पार्लमेंट सगळ्यात शेवटी भरायची. भाषणांपासून सुरुवात केली की मुलं माणसांपर्यंत पोचतच नाहीत.

कोळशाला भरपूर वेळ द्या. १ जानेवारीला खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या. महिनाअखेरीस बर्फ पडू लागला आणि मार्चपर्यंत थंडी हटली नाही. खाणींवर काढलेला कोळसा गोठून बसला, रेल्वेमार्ग बर्फाखाली गेले. ७ फेब्रुवारीला इंधनमंत्री शिनवेल यांनी वीजकपात जाहीर केली. देशाच्या मोठ्या भागात कारखान्यांची वीज तोडली, घरांचीही दिवसा पाच तास बंद. वीस लाखांहून जास्त माणसं काही आठवडे बेकार झाली. इथे थांबा. ज्यांचे आजोबा गिरणीत होते त्यांना विचारा, भोंगा वाजला नाही तर घरात काय व्हायचं? या प्रश्नात पूर्ण तास गेला तरी जाऊ द्या.

चुलीची ओळ चटकन भरते. युद्धात पाव कधी रेशनवर नव्हता. तो आला जुलै १९४६ मध्ये, युद्ध जिंकल्यावर. १९४७च्या अखेरीस बटाटाही आला, माणशी आठवड्याला तीन पौंड. २० नोव्हेंबरला राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं, तिच्या पोशाखालाही कुपनं लागली होती.

आता पार्लमेंट. जून १९४८च्या आत भारत सोडू, असं पंतप्रधान ॲटली यांनी २० फेब्रुवारीला सांगितलं, म्हणजे ऐन वीजटंचाईत. अमेरिकेकडून घेतलेल्या ३.७५ अब्ज डॉलरच्या कर्जाच्या अटीप्रमाणे १५ जुलैपासून पौंड डॉलरमध्ये बदलून देणं सुरू झालं. डॉलर इतक्या वेगाने आटले की २० ऑगस्टला ते थांबवावं लागलं. आपला झेंडा फडकला तो या दोन तारखांच्या मधे.

हे पाहून एखादा विद्यार्थी हमखास लिहितो, ‘ब्रिटन कंगाल झालं म्हणून स्वातंत्र्य मिळालं.’ ते वाक्य तसं सोडू नका. त्याला चार पुतळ्यांपाशी न्या. मे १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ लादला होता. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं. मग फेब्रुवारी १९४६चं मुंबईतलं नौसैनिकांचं बंड सांगा. पटाच्या डाव्या कडेला जास्तीची पट्टी चिकटवून या तारखा तिथे लिहायला लावा.

उजवीकडेही थोडी जागा ठेवा, पाव रेशनमधून सुटला तो जुलै १९४८ मध्ये. त्याच महिन्याच्या ५ तारखेला सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. पुढचा पट तिथून आखता येईल.